मदत हवी आहे: त्वचारोपणानंतरचा पहिला उन्हाळा

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. दिवाळीत चकल्या तळताना कढई कलंडली आणि वहिनीचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजला. मांडीची त्वचा काढून हातावर लावली. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण "जखम भरली, आता घरी जा" इथेच सगळं संपतं असं आम्हाला वाटलं होतं!

आता सात महिने झालेत. खाज इतकी की रात्री दोन-दोन वाजता उठून ती हातावर खोबरेल चोळत बसते. लावलेल्या त्वचेत घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नसतात, त्यामुळे ती कोरडी पडते, हात तापतो. त्यात तो घट्ट प्रेशर गारमेंट (व्रण जाड होऊ नये म्हणून हात दाबून धरणारी बाही) दिवसातून २३ तास घालायचा. मे महिन्यातल्या इंदुरात! ज्यांनी घातलाय, त्यांनी उन्हाळा कसा काढला? दोन जोड आलटून पालटून वापरायचे का?

दुसरं म्हणजे कोपर. पूर्ण सरळ होत नाही, वेणी घालायला माझी लेक लागते. रोज व्यायाम करून कुणाचा हात सुटलाय का, की पुन्हा ऑपरेशनच करावं लागलं?

आणि खरं सांगू, मला जास्त काळजी वेगळीच आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती आली नाही. "लोक हाताकडेच बघतात," म्हणाली. यातून गेलेली कुणी बाई तिच्याशी फोनवर बोलेल का? डॉक्टरांना विचारतोच आहोत, पण अनुभव हवेत. मेसेज करा, प्लीज.