जुन्या सीजे-३बी जीपमध्ये डिझेल इंजिन: ५.३८ ची क्राउन-पिनियन ठेवावी की बदलावी?

घाटरस्ता (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी १९६६ सालची महिंद्रा सीजे-३बी आहे. तिचे मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन आता दुरुस्तीपलीकडे गेले आहे, म्हणून बोलेरोचे २५२३ सीसीचे टर्बो डीआय डिझेल इंजिन बसवण्याचा विचार पक्का होत आला आहे. गाडीत तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स, स्पायसर १८ ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आणि पुढे-मागे ५.३८ च्या क्राउन-पिनियन (आसावरची शेवटची दातेरी जोडी; चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) आहेत. टायर २३५/७५ आर १५ मापाचे आहेत. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला जाणे-येणे हा तिचा मुख्य वापर असून पावसाळ्यात बागेपर्यंतच्या चिखलाच्या वाटेवर फोर बाय फोरची गरज पडते. गॅरेजमधले एक काका म्हणतात, की ५.३८ काढून ४.२७ बसवा, नाहीतर डिझेल इंजिन रस्त्यावर ओरडत राहील. दुसरे म्हणतात, की डिफरन्शियलला, म्हणजे ही जोडी बसते त्या आसावरच्या पेटीला, हातच लावू नका. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे आकड्यांवरून समजून घ्यायचे आहे.

जुनीविलीज

आपण आकड्यांपासून सुरुवात करू इच्छिता हे फार बरे झाले, कारण अशा कामात खर्च वाया जातो तो बहुतेक वेळा हिशेब न करता सुटे भाग आणल्यामुळे. आपल्या टायरची उंची सुमारे ७३४ मिलिमीटर भरते, आणि वजनाखाली टायर थोडा दबतो हे धरून एका फेऱ्यात गाडी साधारण २.२५ मीटर पुढे जाते असे मानू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजेच चाकाचे सुमारे ५९३ फेरे. टी-९० चा तिसरा गिअर थेट, म्हणजे १:१, असल्यामुळे याला फक्त ५.३८ ने गुणायचे, की इंजिनाचे ३१९० फेरे मिळतात.

मूळचे हरिकेन इंजिन आपली पूर्ण ताकद ४००० फेऱ्यांवर देत असे, त्यामुळे त्याला हा आकडा पेलत होता. डीआय इंजिनाची ६३ अश्वशक्ती मात्र ३२०० फेऱ्यांवरच पुरी होते आणि त्यापुढे गव्हर्नर (फेऱ्यांवर मर्यादा घालणारी यंत्रणा) डिझेल तोडू लागतो. म्हणजे ८० च्या वेगाला आपले इंजिन शेवटच्या टोकाला टेकलेले असेल. आवाज, कंपने आणि डिझेलचा खर्च यांचा विचार करता हे मला मान्य होण्यासारखे नाही. ४.८८ घातल्यास त्याच वेगाला सुमारे २८९० फेरे होतात आणि ४.२७ घातल्यास २५३०. केवळ सपाट रस्ता पाहिला तर पहिल्या काकांचे म्हणणे बरोबर आहे.

कुंभार्लीपार

जुनीविलीज यांचा हिशेब बिनचूक आहे, पण प्रश्नकर्त्यांचा रस्ता सपाट नाही, म्हणून तोच हिशेब घाटात लावून पाहावा असे मला आग्रहाने सांगायचे आहे. टी-९० मध्ये पहिला गिअर २.८० आणि दुसरा १.५५ आहे, आणि या दोन्हींमधली दरीच येथे सगळे ठरवते. वळणावळणाच्या चढावर ताशी ३० च्या वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये जाताना ५.३८ असेल तर इंजिन सुमारे १८५० फेऱ्यांवर राहते. डीआयचा सुमारे १८० न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) १५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो, म्हणजे पुढे ट्रक आडवा आला आणि वेग थोडा उतरला तरी इंजिन अधिकच जोर धरते आणि गाडी दुसऱ्यातच निघते. ४.२७ घातल्यावर मात्र त्याच ३० च्या वेगाला फेरे १४७० उरतात. वेग आणखी पडला, की टर्बोचा दाबही पडतो आणि पहिला गिअर घ्यावाच लागतो. टी-९० च्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर बदलताना दातांचा वेग जुळवणारी सोय) नाही हे विसरून चालणार नाही. भरल्या गाडीत, चढावर, दोनदा क्लच दाबून मध्ये इंजिन रेटत पहिला घालणे सरावाच्या माणसाला जमते, पण घरातल्या प्रत्येकाने गाडी चालवायची असेल तर तो भरवसा धरता येत नाही.

उतारावरही हाच मुद्दा येतो. डिझेल इंजिनात हवेचा मार्ग अडवणारी थ्रॉटलची झडप नसते, म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिनाकडून वेगाला मिळणारा रोध त्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमी पडतो. त्यातच प्रमाण ४.२७ वर आणले तर जुन्या ड्रम ब्रेकवर जास्त भार येईल. चिखलातला फरकही लक्षात घ्यावा: लो रेंजचे (ट्रान्सफर केसमधल्या जास्त जोराच्या, मंद गिअरचे) प्रमाण २.४३ धरले तर पहिल्या गिअरमध्ये एकूण प्रमाण आज ३६.६ आहे, ते ४.२७ मुळे २९ वर येते. डिझेल मंद फेऱ्यांवर सहसा बंद पडत नाही, त्यामुळे ही घट चिखलात कदाचित सोसता येईल. घाटाबद्दल मी तसे म्हणणार नाही.

माझ्या मते दुखणे डिफरन्शियलमध्ये नसून तीन गिअरच्या बॉक्समध्ये आहे.

घाटरस्ता

हे वाचून चित्र बरेच स्पष्ट झाले. मग बोलेरोचाच पाच गिअरचा बॉक्स घेऊन ५.३८ तशीच ठेवली तर दोन्ही गोष्टी साधतील का? पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८ च्या आसपास धरले तर ८० ला २५५० फेरे येतात, म्हणजे ४.२७ बसवल्याइतकेच.

जुनीविलीज

कागदावर ती मांडणी उत्तम आहे आणि लांब व्हीलबेसच्या जीपसाठी मी तीच सुचवली असती. सीजे-३बी चा व्हीलबेस मात्र अवघा २०३२ मिलिमीटर आहे. लांब बॉक्स आणि त्यामागे जोडणीची प्लेट आली, की ट्रान्सफर केस मागे सरकते, मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून आसापर्यंत ताकद नेणारा दांडा) आखूड होतो आणि त्याचा कोन इतका वाढतो, की त्याच्या टोकांचे वळणारे सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, टिकत नाहीत. म्हणून आधी इंजिन आणि बॉक्स चॅसिसवर नुसते ठेवून मोजमाप घ्यावे, आणि शाफ्टला पुरेशी लांबी उरत नसेल तर हा विचार सोडावा.

अशा वेळी मी नंतरच्या महिंद्रा जीपमधला चार गिअरचा बॉक्स आणि ४.८८ ही जोडी निवडीन. चौथा गिअर थेट असल्याने ताशी ७० ला सुमारे २५३० फेरे येतात, घाटासाठी मधला एक गिअर जास्त मिळतो आणि शाफ्टही फारसा आखडत नाही. ड्रम ब्रेकच्या, आखूड जीपला ७० च्या पुढे नेण्याची गरज मला दिसत नाही.

पिनियन४३

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. फक्त काम सुरू करण्यापूर्वीच्या काही गोष्टी सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलणारा फेरफार परस्पर करता येत नाही. इंजिनाचा प्रकार आणि इंधन दोन्ही बदलत असल्यामुळे इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि नकार आला तर तिथेच थांबावे.

इतक्या जुन्या गाडीत ५.३८ च आहे हे गृहीत धरू नका. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये घ्या, मागचे एकच चाक उचला, दुसरे जमिनीवर पक्के ठेवा आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल तेच आपले प्रमाण. नंतर हीच मोजणी पुढच्या डिफरन्शियलवर करा. हाउसिंग उघडल्यावर दात मोजता येतात: ५.३८ म्हणजे ४३ आणि ८ दात, ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. पुढचे आणि मागचे प्रमाण एकच असले पाहिजे. नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावताच सगळी यंत्रणा एकमेकींविरुद्ध पीळ घेऊ लागते आणि ट्रान्सफर केसचे नुकसान होते. म्हणून क्राउन-पिनियन विकत घ्यायची तर दोन्हीकडची एकाच वेळी घ्यावी.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, त्यामुळे ४.८८ बसवल्यावर काटा खऱ्या ८० ला जेमतेम ७३ दाखवील. गाडी बाहेर काढण्यापूर्वी मोबाइलच्या जीपीएसवर वेग ताडून काचेवर तशा खुणा करून घ्याव्यात.