मदत हवी आहे : घराच्या बाहेरच्या भिंतीला पडलेले भोक स्वतः कसे बुजवावे?

मांजराकाठ
नमस्कार. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने भोक पडले असून मृग लागण्यापूर्वी ते बुजवणे आवश्यक आहे. एवढ्याशा कामासाठी गवंडी येत नाहीत आणि जे येतो म्हणतात तेही येत नाहीत. मी आजवर थापी हातात धरलेली नाही. मात्र सिमेंटचे अर्धे पोते घरात शिल्लक आहे. सिमेंट आणि वाळूचे प्रमाण किती घ्यावे, एवढेच कृपया सांगावे. अवांतर चर्चा नको.

ओळंबा
भोक केवढे आहे, ते आरपार आहे का आणि भिंत कशाची आहे, हे कळल्याशिवाय प्रमाण सांगता येणार नाही. शिवाय ते अर्धे पोते केव्हाचे आहे? तीन महिन्यांहून अधिक काळ पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद कमी होते आणि त्यात गाठी झाल्या असतील तर ते वापरूच नये.

मांजराकाठ
मूठ सहज आत जाईल एवढे भोक आहे, आरपार नाही. भिंत कशाची म्हणजे काय? घराची भिंत आहे. प्रमाण सांगावे.

चौथामजला
१:४ घ्यावे. सुटा गिलावा छन्नीने काढून, धूळ झाडून भिंत चांगली भिजवावी. खोल भागात विटेचे तुकडे बसवून वर दोन थर द्यावेत. पहिला थर खरबरीत ठेवून दुसरा दुसऱ्या दिवशी द्यावा. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल एका वेळी कालवावा. आपल्याकडच्या उन्हात हे काम दुपारी चारनंतर करावे आणि गोणपाट लावून किमान सात दिवस पाणी मारावे.

रंगारंग
एवढा खटाटोप कशासाठी? तयार पुट्टी मिळते, ती भरून घासली की काम संपते.

ओळंबा
पुट्टी जेमतेम दीड मिलिमीटरच्या थरासाठी असते. मुठीएवढ्या भोकात ती भरली तर तडकून पडेल.

जुनावाडा
मांजराकाठ, भोकात बोट फिरवल्यावर हाताला पांढरी माती, म्हणजे जुन्या भिंती ज्या मातीत बांधत ती, लागते का?

मांजराकाठ
लागते. आत दगड आहेत, खिडकीच्या वर विटा आहेत, आणि बाहेरून वडिलांनी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. त्याने प्रमाणात काय फरक पडतो?

जुनावाडा
प्रमाणच काय, मालही बदलतो. दगड-मातीच्या भिंतीत जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडायला वाट लागते. सिमेंटचा गिलावा ती वाट अडवतो, मागची माती भुसभुशीत होते आणि गिलाव्याचा पापुद्रा सुटून असे भोक पडते. त्यात सिमेंटचा गोळा भरला तर तो मातीला धरत नाही आणि पडताना कडाही घेऊन जातो. पांढरी माती चाळून, गव्हाचे भुसकट घालून काही दिवस भिजत ठेवावी आणि तुडवून घ्यावी. भोकात दगडाच्या कपच्या घट्ट ठोकत तीच माती भरावी. ती वाळल्यावर वरून एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग वाळू असा गिलावा करून तो काही दिवस ओलसर ठेवावा.

चौथामजला
माती भरली की घूस आलीच. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरात दगड-मातीच्या घरांचे काय झाले, हे लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगावे लागते का?

जुनावाडा
ती घरे पडण्याची मोठी कारणे म्हणजे भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड नव्हते आणि डोक्यावर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, जड बोजा होता. मुठीएवढे सिमेंट भरल्याने यातले काय बदलणार आहे?

उदगीरची_लेक
माझे मत असे आहे, की भोक पडलेच आहे तर तेथे खिडकीच काढून घ्यावी. आमच्या माहेरी तसे केल्यापासून वारा छान येतो.

ओळंबा
ताई, दगडी भिंतीत वर तुळई न देता खिडकी काढता येत नाही. नवशिक्याला हे सुचवू नये. मांजराकाठ, दोन गोष्टी पाहाव्यात. भोकाभोवती भिंतीला पोट आले असेल, म्हणजे ती बाहेर फुगली असेल, तर कशालाही हात न लावता जाणत्या माणसाला दाखवावे, कारण मग दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटत आहेत. पोट नसेल तर पाणी कोठून येते ते शोधावे.

मांजराकाठ
दोरी लावून पाहिली, पोट नाही. न्हाणीचा पाईप तिथेच संपतो. ठोकल्यावर गुडघ्यापर्यंतचा गिलावा पोकळ वाजतो. आता तो सगळाच काढायचा का?

ओळंबा
घट्ट आवाज येईल तिथपर्यंत काढावाच लागेल. मात्र आधी पाईप वाढवून पाणी भिंतीपासून दूर न्यावे, अन्यथा चुना काय आणि सिमेंट काय, दोन्ही सुटतील.

मांजराकाठ
ठीक आहे. पांढरी माती गावच्या गढीवरून आणली तर चालेल का?

जुनावाडा
गढी खणू नये. अशी काही ठिकाणे संरक्षित असतात. गावात पडक्या घराच्या भिंतीची माती मिळते, ती मालकाला विचारून घ्यावी. त्या भोकातून निघालेली मातीही फेकू नये, चाळून तीच परत वापरावी.

चौथामजला
आणि घूस आली तर मला सांगू नये.