मदत हवी आहे: थडग्यावरच्या 'तान' आडनावाचं मूळ गाव कसं शोधायचं?

मलेशियातल्या मलाक्काच्या बुकित चिना टेकडीवरच्या एका थडग्याचा फोटो वाचतोय. काळ चीनच्या दाओग्वांग बादशहाच्या शकाचा, १८२१ ते १८५०. रोमन लिपीतल्या नोंदीत आडनाव 'तान'. मँडरिनमध्ये तान हे वेगळंच आडनाव आहे, पण दगडावरचं अक्षर स्वच्छ आहे: डावीकडे कानासारखी खूण, उजवीकडे 'पूर्व'. म्हणजे हे चेन. होक्किअनमध्ये (चीनच्या फुजिआन प्रांताच्या दक्षिण भागातली बोली) तान, कँटनीजमध्ये चान, व्हिएतनामात त्रान.

अडलंय गावापाशी. वरच्या बाजूला, जिथे एरवी मूळ गाव कोरतात, तिथे फक्त 'यिंगछुआन' आहे. हे हनानमधलं प्राचीन परगण्याचं नाव. कुठलेही चेन ते घराण्याची ओळख म्हणून लावतात, त्यामुळे फुजिआनमधलं गाव कळत नाही. चेन युआनग्वांगला (इ.स. ६८६ मध्ये फुजिआनमधलं चांगचौ वसवणारा सेनापती) तर दक्षिण फुजिआनमधल्या कितीतरी शाखा मूळपुरुष मानतात, तोही धागा निरुपयोगी.

कडेच्या ओळी तपासल्या, त्यात गाव नाही. मात्र तिन्ही मुलांच्या नावात एक अक्षर समान आहे, नातवांच्या नावात दुसरं. ही पिढी-अक्षरंच (घराण्यातल्या एका पिढीच्या सगळ्यांच्या नावात येणारं ठरलेलं अक्षर) असावीत. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर नुसत्या आडनावाने शोधलं तर वंशावळींचा ढीग येतो. चीनला जाणं शक्य नाही, ऑनलाइनच हवं.

सलग दोन पिढी-अक्षरांवरून चेनांची शाखा ठरवता येते का, आणि अशी अक्षरं टाकून शोधता येईल अशी वंशावळींची सूची कुठे आहे?