लोकअदालतीत मिटवलं, आता म्हणतात अनुदानच नाही. काय करू?

बांधावरचा:
मंडळी, जरा मार्गदर्शन करा. आमची साडेतीन एकर जमीन 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली तलावात गेली, निवाड्यातला मोबदला अगदीच किरकोळ होता म्हणून वडलांनी कलम 18 चा, म्हणजे तो वाढवून मागायचा, दावा टाकला, कोर्टानं मोबदला वाढवून दिला, सरकार अपिलात गेलं आणि शेवटी आम्ही कंटाळून थोडं व्याज सोडून लोकअदालतीत मिटवलं. त्याला चौदा महिने झाले. ऑफिसात गेलं की एकच, "मागणी वर पाठवलीय, अनुदान आलं की फोन करू." वडील 78 चे आहेत हो. स्वतः सही करून कबूल केलेले पैसे द्यायला सरकारकडे निधी नसतो का?

जुनी फाईल:
तरतूद आहे. घटनेच्या कलम 202 मध्ये लिहिलंय, कोर्टाचा हुकूमनामा भागवायची रक्कम राज्याच्या एकत्रित निधीवर 'भारित'. म्हणजे विधानसभेत त्यावर मतदानच होत नाही. पण म्हणून पैसा आपोआप येत नाही, विनियोजन विधेयकात (खजिन्यातून पैसे काढायला मंजुरी देणारं विधेयक) आकडा यावाच लागतो, त्यासाठी खालच्या ऑफिसनं वेळेत मागणी पाठवायची, विभागानं ती वित्त विभागाकडे न्यायची, आणि या अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत नाही बसली की पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबा. या टेबलावर मी काही वर्षं काढलीत. फाईल परत यायची ती बहुतेक व्याजाचा तक्ता जुना झाला म्हणून, नवा करून पाठवेपर्यंत तोही जुना! आणि तलाव पाटबंधारे महामंडळाचा असेल तर हिशोब वेगळा, पैसे महामंडळानं द्यायचे, सरकारी भारित खर्चात ते येत नाहीत. आधी संपादन संस्था कोण ते बघा.

कोपऱ्यातला:
2024 मध्ये पुण्याच्या पाषाणच्या जमिनीवरून सुप्रीम कोर्टानं राज्य सरकारला हेच सुनावलं होतं ना, लाडकी बहीणला पैसे आहेत आणि मोबदल्याला नाहीत? तिथं ही गत, आपण कोण.

तारीख पे तारीख:
दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज टाका, दुसरं काही नाही. सरकारविरुद्ध हुकूमनाम्यानंतर तीन महिने थांबावं लागतं, ते तुमचे कधीच झाले. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे हुकूमनामाच, त्यावर अपील पण नाही. आमच्यात बेलीफ जप्ती वॉरंट घेऊन गेला तेव्हा क्लार्क एकदम शांतपणे म्हणाला, टेबल खुशाल न्या, ड्रॉवरमध्ये माझा डबा आहे तेवढा काढू द्या 😄 पण तासाभरात साहेबांनी महिन्याची लेखी मुदत मागितली आणि पैसे खरंच आले. अर्धेच आले तर ते आधी व्याजात धरायला लावा, मुद्दल तसंच राहिलं पाहिजे. जुन्या कायद्यात ताब्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के, नंतर 15. दहा लाखावर 15 टक्के म्हणजे दिवसाला चारशे अकरा रुपये, ते तुम्ही तडजोडीत सोडून बसलात का बघा. आमच्या वकिलांनी अट घातली होती, अमुक तारखेपर्यंत नाही दिले तर मूळ हुकुमाप्रमाणे पूर्ण व्याज. तुमच्यात तारीख काय आहे?

बांधावरचा:
आत्ताच कागद काढून बघितला. तारीख नाहीये. "रक्कम यथावकाश अदा करण्यात येईल" एवढंच आहे. हे यथावकाश म्हणजे नक्की किती दिवस हो?

जुनी फाईल:
तो शब्द मी स्वतः पुष्कळदा टाईप केलाय. सोमवारी वकिलांकडे जा.