डवरताना मन भटकते, त्याले चिंतन म्हनाव काय?

वावरवाला: डवरनी चालू असली का डोकं भलतीकडंच जाते. हे चिंतनच ना भाऊ?

काळी माती: नाही. ते नुसतं भटकणं. हाताला सवयीचं काम असलं की मेंदूतलं 'डिफॉल्ट मोड' जाळं, म्हणजे लक्ष कामात नसताना चालणारे मेंदूचे भाग, जागं होतं. चिंतन म्हणजे स्वतःचाच विचार तपासणं.

धुऱ्यावरून: अन् तपासतानाच घोळ होते! निकाल कळला का 'मले माहीतच होतं' वाटते. हे फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये प्रयोगातून दाखवलं. म्हणून पेरणीआधीच वहीत लिहा: कोणतं बियाणं, काऊन, खात्री शंभरात किती. वेचणीनंतर आधी ती ओळ वाचा, मंग कारण शोधा. उलट केलं का आठवणच निकालाकडं वाकते.

वावरवाला: रात्री तेच तेच घुमते ते?

काळी माती: तो रवंथ. 'माझंच असं काऊन' सोडा, 'उद्या सकाळी काय' लिहा.