कपाळावर राख, आणि आत?

(ऑनलाइन चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पायवाट

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या (लेंटच्या) पहिल्या दिवशी, एक गंमत घडते. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. उपास करताना ढोंग्यांसारखी तोंडं उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, तुमचा उपास फक्त पित्याला दिसू दे, असं येशू त्यात सांगतो. हे वाचून होतं न होतं तोच लोक रांगेत उभे राहून कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतात आणि दिवसभर तो पुसत नाहीत. तोंड धुवा म्हणून आत्ताच ऐकलं ना?

माझं म्हणणं राखेपुरतं नाही. रविवार चुकवायचा नाही, लेंटमध्ये मांस खायचं नाही, गळ्यात क्रूस, बोलताना चारदा 'प्रभूची स्तुती असो'. एवढं केलं की माणूस भक्तिमान ठरतो. मग तो हाताखालच्यांचा पगार अडवतो का, बायकोशी कसा बोलतो, हे कोणी विचारत नाही. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात आमोस संदेष्ट्याने हेच झोडपलं होतं: देवाला तुमच्या सणांचा तिटकारा आला आहे, गाण्यांचा गोंगाट बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या.

माझ्या पाहण्यात दोन भाऊ आहेत. जमिनीवरून कोर्टात दावा चालू आहे. दोघेही न चुकता येतात, सवयीने त्याच बाकावर बसतात. उपासनेत एकमेकांना शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की एक डावीकडे वळतो, दुसरा उजवीकडे. आणि दहा मिनिटांनी दोघेही प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस) घ्यायला उठतात! वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं मत्तयाच्याच पाचव्या अध्यायात आहे. हे करायचं नसेल तर चर्चला न गेलेलं बरं.

मधली ओळ

शेवटचं वाक्य सोडून सहमत.

परूश्यांवर, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथावर, टीका करायची तर सगळे मत्तयाचा तेविसावा अध्याय काढतात. येशू त्यांना म्हणतो: पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दशांश (दहावा भाग) देवाला मोजून देता, पण न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी सोडून दिल्यात. वाचणारा इथे थांबतो. येशू थांबत नाही. या मोठ्या गोष्टी करायच्या होत्या आणि त्या छोट्याही सोडायच्या नव्हत्या, असं तो लगेच पुढे म्हणतो. म्हणजे जिऱ्याचा दशांश चालूच राहणार. शब्बाथाला (यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी) सभास्थानात जायची त्याची स्वतःची रीत होती, असं लूक लिहितो.

त्या भावांसाठी तुम्ही सुचवताय त्यापेक्षा कडक इलाज जुन्या नियमांतच आहे. अँग्लिकन मंडळीच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात पाळकाला सूचना आहे की ज्यांच्यात वैर दिसतं त्यांना समेट होईपर्यंत प्रभुभोजनाला घेऊ नये. एकजण मनापासून क्षमा करायला तयार असेल आणि दुसरा अडून बसला असेल, तर तयार असलेल्याला घ्यावं, अडलेल्याला नाही. आतलं तपासायला बाहेरचाच नियम लागला, बघा. आता पाळक तो वापरत नसतील तर दोष प्रभुभोजनाचा नाही.

अवांतर: काही देशांत राख कपाळाला लावत नाहीत, डोक्यावर शिंपडतात. केसांत कोणाला दिसतही नाही.

संशयी थोमा

'मनातली खरी श्रद्धा' ही फार सोयीची वस्तू आहे. दिसत नाही, मोजता येत नाही, तिच्यासाठी पहाटे उठावं लागत नाही. याकोबाच्या पत्रात म्हटलंय की देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात. त्यांच्या मानण्यात खोट काय काढणार?

पायवाट

वड्याचं तेल वांग्यावर काढताय. याकोबाला कोणती कृती हवी होती? उघडा, उपाशी भाऊ दारात आला आणि 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून त्याला तसाच वाटेला लावला, तर उपयोग काय, असं तो विचारतो. उपास आणि माळा तिथे कुठे आहेत? मी मागतोय ती हीच कृती.

जुनी वही

मला या चर्चेत एक माणूस आणायचा आहे. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातून कळलं की कामाला सुरुवात झाल्यापासून कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाचा स्पर्श जाणवतच नव्हता. आत नुसता अंधार होता. बाहेर मात्र रोज मिस्सा (कॅथलिक उपासना), रोज जपमाळ, रोज ठरलेली प्रार्थना, आणि जगाला दिसणारं हसू. पायवाट, तुमच्या मापाने बघितलं तर आत काही नाही आणि बाहेर सगळं आहे. याला दिखावा म्हणणार का?

मला उलट वाटतं. आतली भावना आटल्यावरही जे चालू राहतं, त्यालाच मी विश्वास म्हणेन. भावना येते-जाते. घरात अकाली मृत्यू झाला की माणसाला देवाशी बोलायला एक शब्द सुचत नाही, तेव्हा लहानपणी घोकलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आपोआप ओठांवर येते. अर्थाकडे लक्ष नसतं, नुसते ओठ हलतात. त्या घटकेला ती पोपटपंचीच त्याला उभं ठेवते. उत्स्फूर्त प्रार्थनेचं कौतुक मला आहे, पण ती अशा दिवशी कुठे असते?

पायवाट

घोकलेल्या प्रार्थनेचं मान्य. मदर तेरेसांचं उदाहरण मात्र माझ्याच बाजूचं आहे. मिस्सा संपल्यावर त्या रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसाकडे जायच्या. तो भाग काढून टाका आणि नुसती मिस्सा ठेवा. मग ती पत्रं छापायला कोण बसलं असतं?

कुंपणावरचा

विधी काढून टाकले की खरेपणा उरतो, हा प्रयोग होऊन गेलाय. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या भोवती क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ जमला. पाण्याचा बाप्तिस्मा नाही, भाकर आणि द्राक्षारस नाही, पगारी पाळक नाही. शांत बसायचं, आत्म्याने प्रेरणा दिली तर बोलायचं. याहून आतलं काय असणार? पण पन्नासेक वर्षांत साधेपणाचाच गणवेश झाला. कपड्यांचा रंग कोणता आणि काट कसा, यावरून माणसाची भक्ती ठरू लागली. मार्गारेट फेल ही फॉक्सची पत्नी, चळवळीच्या पहिल्या पिढीतली. तिने 1700 साली म्हातारपणी वैतागून लिहिलं की सगळ्यांनी एकाच रंगाचे, एकाच घाटाचे कपडे घालायचे ही खुळी, दरिद्री सुवार्ता आहे.

ढोंगाला धूप-मेणबत्तीच लागते असं नाही. ते साधेपणावरही पोसतं.

संशयी थोमा

+1. विधी नको म्हणणाऱ्या मंडळ्यांतली 'साक्ष' ऐका कधी. आपण किती पापी होतो आणि कसे बदललो, हे दर वेळी सांगायचं, आणि दर वेळी जुनं पाप थोडं वाढलेलं असतं.

मधली ओळ

येशूने सांगितलेला परूशी आणि जकातदाराचा दाखलाही परत वाचावा: परूशी प्रार्थनेत 'मी या जकातदारासारखा नाही' म्हणून देवाचे आभार मानतो, जकातदार दयेची याचना करतो. जकातदार घरी बसून मनातल्या मनात पश्चात्ताप करत नव्हता. तोही मंदिरातच आला होता आणि छाती बडवत होता. छाती बडवणं बाहेरचंच ना? दोघांचीही भक्ती दिसत होती. फरक एवढाच की एकाची नजर शेजाऱ्यावर होती.

पायवाट

म्हणजे माझी नजर शेजाऱ्यावर आहे, असं सुचवताय. असू दे. आमोसाचीही होती. गरिबाला नागवणाऱ्याला हात जोडलेले असताना बोलायचं नाही, असा नियम केला तर सगळे संदेष्टे गप्प बसवावे लागतील.

जुनी वही

संदेष्ट्यांनी नागवणाऱ्याला नागवण्याबद्दल बोल लावला. तुम्ही त्याच्या श्रद्धेचा निकाल लावताय. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, मग माझं भांडण नाही.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींचा किस्सा यासाठीच मला आवडतो. धर्मगुरू होऊन दहा वर्षं झाली होती, ठरलेले उपास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटी, सगळं शिस्तीत. तरी 1738 च्या मार्चमध्ये त्यांना खात्री झाली की आपल्यात तारणारा विश्वासच नाही. उपदेश थांबवू का, असं त्यांनी पीटर बोलर या मोरेव्हियन (एका प्रोटेस्टंट पंथातल्या) मित्राला विचारलं. बोलर म्हणाला, मुळीच नाही. विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचाच उपदेश करा, मिळाला की मिळाला म्हणून कराल. त्याच मे महिन्यात लंडनच्या एका सभेत त्यांना मन उबदार झाल्याचा तो प्रसिद्ध अनुभव आला. मधले अडीच महिने ते तुमच्या व्याख्येने ढोंगीच होते.

पायवाट

नव्हते. वेस्लींना तो प्रश्न पडला, झोप उडेल इतका पडला. माझी तक्रार ज्यांना चाळीस वर्षं पुढच्या बाकावर बसून तो एकदाही पडला नाही त्यांच्याबद्दल आहे.

संशयी थोमा

एकदाही पडला नाही, हे तुम्हाला मागच्या बाकावरून कसं दिसलं?