पेन्शन नसलेले जुने सैनिक

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या आपल्याकडच्या जुन्या सैनिकांचे पुढचे आयुष्य पेन्शनीवर निवांत गेले, असे सर्रास म्हटले जाते. ते थोड्याच जणांच्या बाबतीत खरे आहे. त्या युद्धासाठी हिंदी लष्कर जवळपास 25 लाखांपर्यंत वाढवले गेले आणि लढाई संपताच बहुतेकांना घरी पाठवण्यात आले. पेन्शनीला लागणारी 15 वर्षांची नोकरी त्यांची झालेलीच नव्हती. राज्य शासनाचे मासिक मानधन अशांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळू लागले, ते पुष्कळ उशिरा.

सातारा तालुक्यातले माझे चुलत आजोबा त्यांपैकीच एक. मराठा पलटणीतून ते इटलीत लढले. एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर मराठा पलटणीच्याच नामदेव जाधवांना ज्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, त्या आघाडीवर तेही होते. 1946 मध्ये गावी आले आणि त्यानंतरची सत्तरहून अधिक वर्षे त्यांनी दोन एकर जिरायतीवर काढली. लढाईबद्दल ते फारसे बोलत नसत, मात्र भाकरीला शेवटपर्यंत ‘पाने’ म्हणत. हा इटालियन शब्द आहे हे आम्हा मुलांना फार उशिरा कळले. तिथल्या एका शेतकरीणबाईने उपाशी पोरांना दिलेला पाव त्यांच्या मनातून गेला नव्हता. शहाण्णवाव्या वर्षी ते गेले, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत घडी घातलेल्या घोंगडीखाली सहा टोकांचा ‘इटली स्टार’, म्हणजे इटलीच्या मोहिमेचे पदक, सापडला. त्याची हिरवी-पांढरी-लाल फीत विटली होती, पण पितळ मात्र चिंचेने नुकतेच घासल्यासारखे लख्ख होते.